खजुराचा आचारी

काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी घराचं दार उघडलं आणि चष्म्याच्या काचा एकदम धुरकटल्या. तो आला, हे मला कळलं.

सौदीतल्या आमच्या हुफूफमध्ये ऑगस्टात कधीतरी अशी एक सकाळ येते. त्याआधी हवा कोरडी असते, भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तशी. घाम फुटायच्या आधीच वाळून जातो. मग एक दिवस आखाताकडून दमट वारा सुटतो. ऊन तेवढंच राहतं, त्यात वाफ मिसळते. इथले लोक या दिवसांना ‘तब्बाख’ म्हणतात. तब्बाख म्हणजे आचारी, खजूर शिजवणारा आचारी. झाडावर लटकलेले पिवळे, टणक घड या वाफेत एका टोकाकडून मऊ पडायला लागतात, तपकिरी होतात, त्यांच्यात पाक धरतो. बागवाले खूश असतात. घरात लग्न निघाल्यासारखं एकमेकांना सांगतात, आचारी आला.

दाभोळच्या खाडीकाठी आमच्या घरात माळ्यावर आंब्याची आढी लागायची. पेंढ्यात हात घातला की आत ऊब लागे. फळ आतल्या आत बदलतंय हे फक्त हाताला समजायचं, डोळ्याला नाही. आई खालून ओरडायची, “दाबून बगू नको रे, डाग पडंल.” आम्ही दाबायचोच. डाग त्या दिवशी दिसत नसे. चार दिवसांनी आंबा कापला की दिसायचा.

गेल्या वर्षापासून मला या दिवसांची भीती वाटते.

माझ्या गाडीला एक वास आहे. काही केल्या जात नाही. मेंथॉलसारखा, झोंबणारा, खाली कसल्याशा पाल्याचा कडवटपणा असलेला. मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग, खेळणारे अंगाला चोळतात त्या तेलाचा. माझी मुलगी सना ते तेल नडग्यांना आणि खांद्यांना लावून गाडीत बसायची आणि उजवीकडे बघायला वळलो की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. “अब्बा रडताय्‌त,” ती म्हणायची. तेव्हा हा विनोद होता.

सना आता वीस वर्षांची आहे. इथल्या भारतीय शाळेत बारावी झाली, सध्या बाहेरून बी.कॉम. करते. शाळेत ती मागच्या बाकावरची, हात वर न करणारी मुलगी होती. बायकांसाठी नवी जिम उघडली, तिथे मैत्रिणीबरोबर एकदा गेली आणि परत आली ती दुसरीच कोणीतरी होऊन. जेवताना बोलायला लागली. ताटावर बसून आपला गुडघा कुठून कुठे जातो, कोपर कसं फिरतं, हे चमच्याने दाखवायची. तिची आई, शमीम, कपाळाला हात लावायची. “लोकांच्या पोरी मेंदी काढतात, आमची नडग्या सोलून घेते,” म्हणायची, आणि रात्रीच्या भाताआधी तिच्या त्याच नडग्यांना हळद लावायला बसायची.

मी एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. पाठी, माना, गुडघे, मार लागून आलेली माणसं हाच माझा दिवस. त्यामुळे घरात असं ठरून गेलं होतं की सनाच्या अंगाला काही झालं तर अब्बा बघतील. शमीमने तिचा जीव त्या एका वाक्यावर ठेवला होता.

खेळ मी जवळून कधीच पाहिला नाही. बायकांच्या भागात पुरुषांना प्रवेश नाही. मी पाहिलं ते मोबाईलवरच्या चित्रफितींत, आणि ऐकलं ते सनाच्या तोंडून. तिच्या शिक्षिकेचं नाव दाओ. थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातली बाई, बुटकी, रुंद मानेची. मुली तिला ‘क्रू दाओ’ म्हणतात. क्रू म्हणजे गुरू. लहानपणी ती जत्रांमध्ये लढली होती. भात कापून झाला की देवळाच्या आवारात रिंग उभी राहायची. तिचे वडीलच तिला शिकवायचे. जुन्या काळी माणसं हाताला दोऱ्या गुंडाळून लढत, मग हातमोजे आले, फेऱ्या आल्या, गुण आले, पण मान तीच राहिली, असं ती मुलींना सांगे. मुठी, कोपरं, गुडघे, नडग्या ही सगळी नंतरची, आधी मान. या खेळात एकमेकांची मान दोन्ही हातांनी कवटाळून झुलतात आणि गुडघे मारतात. ज्याची मान वाकली तो हरला. सनाची मान सहा महिन्यांत जाड झाली. मी हौसेने मोजपट्टी घेऊन बसलो होतो.

लढतीआधी एक नाच असतो. नाच म्हणजे गुरूला वंदन. सनईसारखं एक वाद्य आणि ढोलकी वाजत असते. लढणारा रिंगभर फिरतो, कोपऱ्यांना हात लावतो, मग गुडघ्यांवर बसून तीन वेळा कपाळ जमिनीला टेकवतो. डोक्यावर तेव्हा मोंगकोन असतं. दोरीला कापड गुंडाळून केलेलं कडं, मागे शेपटीसारखं टोक. ते गुरूच डोक्यावर ठेवतो आणि लढत सुरू व्हायच्या आधी गुरूच काढतो. ते जमिनीवर ठेवायचं नाही, त्याला ओलांडायचं नाही. दाओ ते पांढऱ्या कापडात गुंडाळून भिंतीवर सगळ्यात वरच्या खिळ्याला टांगून ठेवते.

हे कळल्यावर मी अस्वस्थ झालो. कपाळ टेकायचं ते एकाच ठिकाणी, असं आमच्या घरात शिकवलेलं आहे. मी दाओला भेटायला गेलो. जिमच्या फाटकाशी, बाहेर, उन्हात उभं राहून तिच्याशी बोललो. मोडक्या इंग्रजीत आम्ही दोघं बराच वेळ झगडलो. ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, इथल्या मुलींसाठी तिने वंदन आधीच बदललंय. उभ्यानेच करायचं, उजवा हात छातीवर, कपाळ कुठेच टेकायचं नाही. मग मी मोंगकोनचं विचारलं. आत मंत्र, ताईत असं काही असतं का? ती आत गेली, ते कडं घेऊन आली आणि माझ्यासमोर तिने त्याचं कापड उलगडलं. आत नुसती दोरी होती. “ओन्ली रोप, पापा,” ती म्हणाली. मी दोरी बोटांनी चाचपून बघितली.

त्या दिवसापासून तिच्या लेखी मी मुलीच्या कपाळाची काळजी घेणारा बाप होतो.

हे मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढचं लिहायला हात रेंगाळतोय.

गेल्या वर्षी याच दिवसांत, आचारी येऊन आठवडा झाला असेल, मी संध्याकाळच्या आधी सनाला जिममधून घेतलं. जिमच्या मुलींच्या लढती त्या शुक्रवारी होत्या. रस्त्यावर खजुराच्या खोक्यांनी भरलेले पिकअप. त्यांच्यामागे आम्ही सिग्नलला थांबलो. ती म्हणाली, “अब्बा, आज अम्मीने काय केलंय?”

“भाकरी आणि सुकटीची चटणी.”

“यम,” ती म्हणाली.

पिकअप हलले. आम्ही पुढच्या सिग्नलला आलो. “अब्बा, आज अम्मीने काय केलंय?”

मी तिच्याकडे बघितलं. ती मजेत खिडकीबाहेर बघत होती. मी उत्तर दिलं. ती म्हणाली, “यम.” तोच सूर, तेवढंच हसू. गल्लीत वळताना तिने तिसऱ्यांदा विचारलं.

मी गाडी एका दुकानाच्या सावलीला घेतली. तिला उतरवलं. माझ्या उजव्या हाताचं बोट तिच्या डोळ्यांसमोर धरून इकडून तिकडे नेलं. नजर बोटामागे येताना मध्येच अडखळत होती. एका पायावर उभी राहा म्हटलं तर तिने गाडीचं छत धरलं. डोक्याला लागलंय का, विचारलं. सरावात एक लाथ कानशिलावर बसली होती, हेल्मेटवरून. हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच. हे मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला समजावून सांगतो. अशा माणसाला पुन्हा मार लागता कामा नये, हेही सांगतो.

सनाने माझा हात धरला. “अब्बा, प्लीज. अम्मीला नका सांगू. क्रूला नका सांगू. फ्रायडेला फाइट आहे.”

मी म्हटलं, “बरं.”

तिच्यासाठी म्हटलं, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. रुग्णालयात मी सगळ्यांना तिची चित्रफीत दाखवली होती. सहकाऱ्यांच्या बायकांना बघायला यायचं आमंत्रण दिलं होतं. माझी मागच्या बाकावरची मुलगी लढणार होती. ती लढत तिच्याइतकीच मलाही हवी होती.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर मी जिमबाहेर गाडीत बसलो होतो. शमीम आत होती. काचेवर वाफ धरत होती, मी पुसत होतो. तेवढ्यात फाटक उघडलं आणि दाओ बाहेर आली. दोन्ही हातांत, आपल्या डोक्याच्याही वर, तिने ते पांढरं कापड धरलं होतं. घाम तिच्या कोपरांवरून गळत होता पण हात खाली येत नव्हते. मी उतरलो.

तिची एक रीत होती. तिच्या गावात तिचे वडील मोंगकोन तिच्या डोक्यावर घालण्याआधी रिंगजवळ बसलेल्या आईला विचारत, पोरगी ठीक आहे ना? आईने हो म्हटल्याशिवाय घालत नसत. घरात आदल्या दिवसांत काय झालं ते आईला माहीत, गुरूला नाही. दाओने आत शमीमला विचारलं होतं. शमीम म्हणाली होती, बाहेर तिचे अब्बा आहेत, त्यांना विचार, त्यांना यातलं कळतं.

“पापा,” दाओ म्हणाली, “हेड गुड?”

मी कापडाकडे बघत होकाराची मान डोलावली.

ती परत गेली. फाटक बंद झालं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ती सनई सुरू झाली. सुरुवातीला संथ, वळणावळणाची, नागासारखी. आत सना उजवा हात छातीवर ठेवून फिरत असणार, हे मला दिसत होतं. ज्या कपाळाला जमीन लागू नये म्हणून मी भर उन्हात भांडलो होतो, ते कपाळ मी आत पाठवलं होतं. मग सनईची लय वाढली. लढत सुरू झाली की ती वाढते. बायकांचा गलका, जीभ हलवत काढलेली झगारूतची लांब किलकारी, टाळ्या. आणि मग सनई मध्येच थांबली.

खूप वेळ काहीच आवाज नव्हता. शेजारच्या बागेतल्या खजुराच्या झावळ्या हलत नव्हत्या. मग माझा फोन वाजला. शमीम म्हणाली, “गाडी दाराशी आणा.”

मार फार मोठा नव्हता. शमीम नंतर सगळ्यांना तेच सांगायची. “एक साधा ठोसा हो. माशी मरायची नाय त्यानं. आनि पोर अशी बसली खाली, जशी कोनी दोरी कापली.”

सना वाचली. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं. वाचली, पण हिवाळाभर तिच्या खोलीचे पडदे उघडले नाहीत. उजेड सहन होत नव्हता, कुकरची शिट्टी सहन होत नव्हती. शमीम भांडी फडक्यात गुंडाळून धुवायची. सना भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मध्येच म्हणायची, “कोणालाच कसं कळलं नाही?” त्या आठवड्यातलं तिला काही आठवत नव्हतं. गाडीतला प्रवास नाही, सावलीतलं दुकान नाही, तिने माझा हात धरला तेही नाही. शमीम म्हणायची, “तुमी तरी काय करनार, तुमाला कलला असता तर तुमी सोडला असता काय?” मी तिथे उभा असायचो. पाण्याचा पेला हातात धरून.

उन्हाळा आला तसे पडदे उघडत गेले. ती चालायला लागली, मग हसायला, मग एक दिवस तेलाची बाटली बाहेर आली. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं नीट आहे म्हणाले. लक्षणं नसतील तर खेळायला हरकत नाही. घरच्यांनी लक्ष ठेवा, एवढंच सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका धंद्यातले म्हणून.

आणि आता आचारी पुन्हा आलाय. बागांमध्ये माणसं कमरेला दोर बांधून झाडांवर चढताय्‌त. जिमच्या यंदाच्या लढती, त्यात सनाचीही, आठवड्यावर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. गाडीत सना म्हणाली, “अब्बा, मामूचा फोन आला होता का?” मी म्हटलं, “नाही.” पुढच्या सिग्नलला ती म्हणाली, “अब्बा, मामूचा फोन आला होता का?”

मी म्हटलं, “नाही.”

माणसं दोनदा विचारतात. मीसुद्धा विचारतो. शमीम तर गॅस बंद केला का, हे घरातून निघेपर्यंत विचारत असते. असं मी घरापर्यंत स्वतःला समजावत आलो. घरी येऊन हात धुतले, जेवलो, भात छान झालाय म्हणालो.

लढतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच. “अब्बा, पेट्रोल भरायचंय ना?” भरायचंय म्हटलं. बागांमधल्या अरुंद रस्त्याने आम्ही चाललो होतो. दोन्ही बाजूंना झाडं, घडांना बांधलेल्या जाळ्या. ती म्हणाली, “अब्बा, पेट्रोल भरायचंय ना?”

मी गाडी कडेला घेतली. बंद केली. एसी थांबल्याबरोबर काचा पांढऱ्या झाल्या. “सना,” मी म्हटलं, “हे तू आत्ताच विचारलंस.”

ती समोर बघत राहिली. “माहीत आहे,” म्हणाली.

“म्हणजे?”

“टेस्ट घेत होते तुमची. लास्ट वीकमध्ये पण घेतली. मामूच्या फोनची. तेव्हा तुम्ही फेल झालात, अब्बा.”

ती बोलत होती, अगदी शांत आवाजात. तिला एक बोट आठवायचं. डोळ्यांसमोर इकडून तिकडे जाणारं. आधी तिला वाटलं, रुग्णालयातलं असेल. मग हळूहळू त्या बोटात अंगठी दिसायला लागली. चांदीची, लालसर खड्याची. माझ्या वडिलांची अंगठी, जी मी कधी काढत नाही. “एवढंच आठवतं,” ती म्हणाली. “अंगठी आणि मागे दुकानाचा हिरवा बोर्ड. हॉस्पिटलमध्ये दुकान कुठे असतं?”

“तू म्हणाली होतीस, अम्मीला सांगू नका.”

“मी म्हणाले असेन. माझं डोकं फुटलं होतं, अब्बा. तुमचं ठीक होतं ना?”

बाहेर कोणीतरी झाडावरून घड दोराने खाली सोडत होतं. धुरकट काचेतून फक्त तो खाली येणारा काळा आकार दिसत होता.

“आज पास,” ती म्हणाली आणि हसली. “यल्ला, चला. पेट्रोल भरू या.”

मी गाडी सुरू केली. तिने सीट मागे घेतली, डोळे मिटले. आणि तेव्हा मला ते सुचलं, जे त्या क्षणापासून माझ्या मानगुटीवर बसलंय. तिला खरंच परीक्षा घ्यायची असेल. किंवा ती खरंच विसरली असेल, दोन्ही वेळा, आणि मी टोकल्यावर तिने तेवढ्यात हे जुळवलं असेल. अंगठी तिला आधीच आठवत असेल, मनात धरून बसली असेल, आणि वेळ आल्यावर पुढे केली. ज्याला लढायचंय तो माणूस काय काय झाकू शकतो हे मला ठाऊक आहे. मीच तिला शिकवलंय.

मिटलेल्या डोळ्यांवरून काहीच कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात, मी शमीमला गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. सांगून झाल्यावर तिने परातीतले हात काढले नाहीत. बराच वेळ तो गोळा तसाच दाबत राहिली. “आनि आज?” एवढंच म्हणाली. आजचंही सांगितलं. तिने मला विचारलं, “मग उद्या काय करनार तुमी?” त्यानंतर ती माझ्याशी मिठाचं विचारण्यापुरतीसुद्धा बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी फाटकाशी उभा होतो. गाडीत बसलो नाही. दाओ बाहेर आली. तेच पांढरं कापड, तसेच वर धरलेले हात. तिच्यामागे अर्धवट उघड्या फाटकात सना उभी होती, हातांना पट्ट्या बांधलेल्या, डोक्यावर ओढणी.

“पापा, हेड गुड?”

“आय डोन्ट नो,” मी म्हटलं. मग गेल्या वर्षीचंही सांगितलं. माझ्या इंग्रजीचे सगळे शब्द मोडून पडले, पण तिला समजलं. तिने पहिल्यांदा हात खाली घेतले, छातीपर्यंत. कापडाची गाठ पुन्हा घट्ट बांधली.

“अब्बा!” सना म्हणाली. “मी टेस्ट घेत होते! सांगितलं ना तुम्हाला!”

“असशील.”

“असशील म्हणजे? मग कशाला?”

“कारण मला कळत नाही, सना.”

ती दाओकडे वळली. दाओने नकारार्थी मान हलवली आणि तिच्या पट्टीचं टोक शोधून सोडवायला सुरुवात केली. उलगडत जाणारी ती पट्टी जमिनीवर पडत होती आणि सना रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तशी नजर मी माझ्या टेबलावर पडलेल्या माणसांची पाहिली आहे, दुखरी जागा नेमकी दाबली की ते बघतात तशी.

भिंतीपलीकडे दुसऱ्या कोणासाठी सनई सुरू झाली.

आचारी अजून गेलेला नाही. रोज सकाळी काचा धुरकटतात. शेजारच्या बागवाल्याने पहिल्या तोडणीचे खजूर पाठवले, अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी. ते मोरीशेजारी ताटात पडून आहेत. सना लहान मुलींच्या वर्गाला शिकवायला जाते, मी तिला न्यायला जातो. ती मागच्या सीटवर बसते. गाडीत ती आता काहीच विचारत नाही. जेवायला काय आहे, कोणाचा फोन आला, पेट्रोल भरायचं का, काही नाही. मला कळायचा जो एक मार्ग होता तोही तिने बंद केलाय, आणि तो तिने रागाने बंद केलाय की घाबरून, हेही मला कळत नाही.

काल खजूरबाजाराच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. आरशात मला दिसलं, तिने तोंड उघडलं. मी रेडिओ बंद केला. श्वास धरला.

तिला जांभई आली होती. मागच्या पिकअपने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, हिरवा दिवा केव्हाच लागला होता.